गोणीवरचं गाव

कराडला आमच्या घरामागं अण्णांच्या सामानाची खोली होती. फळ्या, बांबू, घमेली, ओळंबा, आणि एका कडेला फळकुटावर रचलेल्या सिमेंटच्या गोण्या. तेव्हा त्या तागाच्या असायच्या. रिकाम्या झाल्या की आई त्या झटकून, धुऊन पायपुसणी करायची. पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि मी दिसेल ती पाटी, डबा, पुडी वाचत सुटले. तेव्हा पाय पुसता पुसता वाचलेली ही अक्षरं: पोर्टलंड पोझोलाना सिमेंट.

"अण्णा, पोर्टलंड म्हणजे काय?"

"साहेबाच्या देशातला दगड. त्याच्यासारखं दिसतं म्हणून नाव दिलं."

"आणि पोझोलाना?"

"राख."

राखेचं घर बांधतात हे मला अजिबात पटलं नाही. राख भांडी घासायला असते. अण्णा म्हणाले, "राखेनंच घट्ट होतं," आणि सायकलला टांग मारून साइटवर गेले. पुढं मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. तिथं बांधकाम साहित्याच्या पुस्तकात अर्धी ओळ भेटली, की पोझोलाना हा शब्द इटलीतल्या पोत्सुओली या गावावरून आला. परीक्षेत ती एका मार्काला आली होती. मग पंचवीस वर्षं पुण्यात नकाशे काढले, टेंडरात 'पीपीसी' हा शब्द हजार वेळा टाइप केला, पण त्या मधल्या 'पी'मागं एक समुद्रकाठचं गाव आहे, तिथं मासे विकले जातात, पोरं गाड्या उडवतात, हे काही मनात आलं नाही.

गेल्या सप्टेंबरअखेर ताईबरोबर तिथं गेले. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, दिली तासगावला, सहा एकर द्राक्षबाग. तिचा मुलगा म्युनिकला असतो. त्याच्याकडं आम्ही दोघी पंधरा दिवस गेलो होतो. घरात बसून ताईचा जीव रमेना, त्यात ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली. रोज सकाळी तासगावला फोन, पानगळ किती झाली, मजूर सांगितले का. शेवटी भाचाच म्हणाला, मावशी, तुम्ही दोघी चार दिवस कुठंतरी जाऊन या. मला रोम नको होतं, व्हेनिस नको होतं. मी गोणीवरचं नाव सांगितलं.

नेपल्सहून मेट्रोनं अर्ध्या तासाच्या आत पोत्सुओली येतं. स्टेशनातून बाहेर आलो, उताराला लागलो, आणि नाकात सडक्या अंड्याचा वास गेला. मी वाचून आलेले होते म्हणून तोंड उघडणार तेवढ्यात ताई थांबली, दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "हितं भुरीवर गंधक मारलंय का काय?"

चुकली नव्हती. भुरी हा द्राक्षावरचा रोग, आणि वास मात्र खरंच गंधकाचा. हे सगळं गाव एका ज्वालामुखीच्या कढईत बसलंय. व्हेसुव्हियस नव्हे, तो खाडीच्या पलीकडं. हा वेगळाच, कांपी फ्लेग्रेई नावाचा, म्हणजे जळती रानं. याला व्हेसुव्हियससारखं दिसायला टोकदार शिखर नाही. बारा-पंधरा किलोमीटर रुंदीची कढई, निम्मी जमिनीवर निम्मी समुद्रात, आणि तिच्यात गावं, तळी, द्राक्षबागा, रेल्वे, शाळा. सोल्फातारा नावाचं वाफा सोडणारं मैदान गावाच्या डोक्यावर आहे. ते पाहुण्यांना २०१७पासून बंद आहे, पण वासाला कोण बंद करणार? रोमन लोक या गावाला पुतेओली म्हणायचे. त्याचा अर्थ काही जण 'लहान विहिरी' असा लावतात, काही जण 'घाण वास' असा. त्या उतारावर उभं राहिल्यावर मी दुसऱ्या पक्षात गेले.

पहिल्याच दिवशी रोमन अँफिथिएटरला, म्हणजे झुंजींच्या आखाड्याला, आठवड्याची सुट्टी निघाली. मग बाजार बघायला गेलो. बाजार म्हणजे मासेलुम, दोन हजार वर्षांपूर्वीचं मंडईचं आवार. १७५० साली इथं खोदताना सेरापिस देवाची मूर्ती सापडली, म्हणून लोकांनी याला देऊळ ठरवलं, आणि अजूनही गावातले लोक 'सेरापिसचं देऊळ'च म्हणतात. होती मात्र मंडई. चौकोनी चौक, भोवती गाळे, मध्ये गोल चबुतरा, कोपऱ्यात सार्वजनिक संडास. आत सोडत नाहीत, कठड्यावरून खाली बघायचं. भोवती उपाहारगृहं, स्कूटर, बाकड्यावर पत्ते खेळणारे म्हातारे. मंडईच्या एका बाजूला तीन संगमरवरी खांब उभे आहेत, बारा मीटरहून उंच.

या खांबांकडं नीट बघावं लागतं. पायथ्यापासून दोन पुरुष उंचीपर्यंत ते गुळगुळीत आहेत. मग अचानक एक पट्टा लागतो, अडीच मीटरच्या आसपास रुंद, आणि तो पूर्ण पोखरलेला. बोट जाईल अशी भोकं, एकाला एक चिकटून, वाळवी लागलेल्या वाशासारखी. त्याच्यावर पुन्हा खांब स्वच्छ. ही भोकं पाडलीत दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी. हे शिंपले समुद्राखाली असतात. म्हणजे हे खांब, उभेच्या उभे, एके काळी सहा मीटरच्या वर पाण्यात होते. खालचा भाग गाळात पुरलेला म्हणून वाचला, वरचा पाण्याबाहेर म्हणून वाचला, मधला खाल्ला गेला. आणि नंतर सगळी जमीन पुन्हा वर आली, खांब न पाडता. चार्ल्स लायल या भूगर्भशास्त्रज्ञानं १८३०च्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीला याच तीन खांबांचं चित्र छापलं. जमीन कायमची नसते, ती बसते आणि उठते, हे सांगायला त्याला याच्याहून सोपा पुरावा मिळाला नसता.

या बसण्याउठण्याला इथं 'ब्रादिसिस्मो' म्हणतात, म्हणजे संथ भूकंप. खाली पाणी, वायू आणि त्याखाली शिलारस आहे. दाब वाढला की भाकरी फुगावी तशी जमीन फुगते, उतरला की बसते. हे शतकानुशतकं चाललंय. १५३८च्या सप्टेंबरात जमीन इतकी फुगली, की फुटली आणि आठवडाभरात गावाशेजारी एक अख्खा डोंगर उभा राहिला. त्याचं नाव मोंते नुओव्हो, नवा डोंगर. पोत्सुओलीकरांनी नावात काव्य वगैरे केलेलं नाही. १९८२ ते ८४ या दोन वर्षांत जमीन पावणेदोन मीटरच्या वर उचलली गेली आणि चाळीसेक हजार माणसांना गाव सोडावं लागलं. २००५पासून ती पुन्हा उचलते आहे, आतापर्यंत १.४ मीटरहून जास्त. मासेमारांच्या छोट्या गोदीत गेलो तर हे डोळ्यांनी दिसतं. धक्का वर गेलाय, पाणी खाली राहिलंय. होड्या बांधायच्या कड्या आता हात वर करून धराव्या लागतील अशा उंचीवर, आणि कडेच्या होड्या चिखलात कलंडलेल्या.

ताईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घरपट्टी भरत्यात का?"

दुसऱ्या दिवशी अँफिथिएटर उघडं होतं. रोमचं कलोसियम आणि कापुआ यांच्या खालोखाल मोठं, १४९ मीटर लांब, ११६ मीटर रुंद. वरचा भाग बराच ढासळलाय, लोकांनी शतकानुशतकं दगड नेले. बघायचं ते खाली, तळघरात. आखाड्याच्या खालचे बोळ जवळजवळ जसेच्या तसे आहेत. जनावरांच्या खोल्या, त्यांना वर सोडायच्या चौकोनी झडपा, त्यातून खाली पडणारे उन्हाचे चौकोन. कोपऱ्यांत संगमरवरी खांबांचे तुकडे लाकडाच्या वखारीतल्यासारखे पडलेत. नेपल्सचा रक्षक संत जेन्नारो, त्याला इथं अस्वलांपुढं टाकलं आणि अस्वलांनी त्याला शिवलं नाही अशी कथा आहे. मग त्याचं डोकं उडवलं, सोल्फाताराजवळ. अस्वलांचा चांगुलपणा फुकट गेला.

मला मात्र भिंत बघायची होती. रोमन भिंतींचा एक प्रकार असा, की दर्शनी बाजूला मुठीएवढे दगड तिरके, शंकरपाळ्यासारखे बसवतात, आणि पोटात चुना, खडी आणि ही इथली राख यांचं मिश्रण ठासतात. एका मोडक्या कडेला ते पोट उघडं पडलं होतं. मी बोट लावलं. करडा, किंचित जांभूळसर माल, त्यात काळे-पिवळे कण, विटेचे तुकडे. नखानं खरवडलं तर नखच झिजलं. अण्णा एखाद्या साइटवर गेले की हेच करायचे, गिलाव्याला नख लावायचे, आणि कंत्राटदाराचं तोंड उतरायचं.

नुसता चुना हवेत घट्ट होतो, पाण्याखाली होत नाही. त्यात ही राख मिसळली, की राखेतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी पाण्यातच संयोग पावतात, आणि जो पदार्थ होतो तो समुद्रात बुडवला तरी घट्ट होतो. व्हिट्रुव्हियस या रोमन स्थपतीनं हे लिहून ठेवलंय. रोमन लोकांनी या राखेला 'पुतेओलीची भुकटी' असंच नाव दिलं, आणि तिच्या जोरावर भर समुद्रात धक्के उभे केले. हेरोद राजानं पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर कैसरियाचं बंदर बांधलं, त्यासाठी ही राख याच खाडीतून जहाजानं गेली. आपल्याकडं ज्वालामुखीची राख हाताशी नव्हती, पण युक्ती तीच होती. जुन्या वाड्यांच्या आणि पुलांच्या चुन्यात भाजलेल्या विटेची भुकटी घालायचे, सुरखी. बैल जुंपून घाणीत मळलेला चुना-सुरखीचा माल अण्णांच्या वडिलांनी वापरलेला. आता पीपीसीच्या गोणीत पोत्सुओलीची राख नसते, औष्णिक वीज केंद्राची असते, परळीची, कोराडीची, एकलहऱ्याची. शंभरात पंधरा ते पस्तीस भाग. गावाचं नाव तेवढं गोणीवर राहिलं.

मी हे ताईला सांगत होते, जरा जोरातच. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? आम्ही रोज बोर्डो बोर्डो करतोय, ते बी कुठलं गावच आहे की." खरंच होतं. मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्याला अख्खं तासगाव बोर्डो म्हणतं.

दुपारी जेवायला धक्क्याजवळच्या एका साध्या खानावळीत बसलो. ताईला समुद्रातलं फारसं माहीत नाही, कृष्णेचा मासा तेवढा. पहिल्यांदा आली ती आलीची, म्हणजे इवल्या अँकोव्ही माशांची बशी. काटा काढून, उघडून, लिंबाच्या रसात मुरवलेले, वर कच्चं लसूण, पार्सली, ऑलिव्हचं तेल. आपल्या मांदेलीच्या घराण्यातला मासा. "शिजवलंय का?" ताईनं विचारलं. मी हो म्हणून खोटं बोलले. लिंबानंही एक प्रकारे शिजतंच. तिनं सगळी बशी संपवली आणि पावानं तेल पुसून घेतलं.

मग आली 'इंपेपाता दी कोत्से'. खोल पातेल्यात काळ्या शिंपल्या, मस्ल्स. त्यांना पाणी घालत नाहीत. झाकण ठेवून आचेवर ठेवायच्या, त्या उघडतात आणि आपलं खारं पाणी सोडतात, तोच रस्सा. त्यात घालायचं काय, तर काळी मिरी. भरपूर, जाड कुटलेली. इंपेपाता म्हणजेच मिरी लावलेलं. झाकण काढलं आणि वाफेबरोबर जो वास वर आला तो थेट आमच्या आईच्या स्वयंपाकघरातला होता, पावसाळ्यातल्या मिरीच्या साराचा.

मी चमचा हातात धरून बसले. कारण ही मिरी याच धक्क्यावर उतरायची. रोमजवळ ओस्तियाला मोठं बंदर बांधलं जाण्याआधी रोमचं बंदर पुतेओलीच होतं. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तमध्ये, तिथून उंटांवरून नाइल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रियाला, आणि अलेक्झांड्रियाची जहाजं इथं. रोमन लेखक सेनेका लिहितो, की ही जहाजं येताना दिसली की सगळं पुतेओली धक्क्यावर गोळा व्हायचं, आणि लांबूनच शिडावरून लोक ओळखायचे की ही अलेक्झांड्रियाची. याच पाण्याखाली नाबातियन व्यापाऱ्यांचं, म्हणजे पेत्राच्या अरबांचं, देऊळही आहे. त्याच्या दोन वेदी २०२३मध्ये मिळाल्या. परक्या देशातले व्यापारी देवळं बांधण्याइतके इथं रुळले होते.

आणि परत जाताना जहाजं काय न्यायची? वाईन. हे मला फार वर्षांपूर्वी कळलं होतं, पण समजलं या टेबलावर. 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात भडोचच्या बंदराची यादी आहे. तिथं काय खपतं? पहिली वाईन, त्यातही इटलीची आधी, मग लाओदिकेयाची, मग अरबस्तानची. त्याच टिपणात लिहिलंय, की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. नेवाशाला १९५४-५६ साली डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, त्यात दोन कानांच्या रोमन कुंभांची, अँफोरांची खापरं निघाली. आपल्या भागातली अँफोरा म्हणून नोंदवलेली काही खापरं नंतर इराकच्या बाजूच्या रांजणांची निघाली, तो वेगळा विषय. पण भारतात मिळालेल्या खऱ्या रोमन कुंभांत एक जात अशी आहे, की अभ्यासक भिंग न लावताही ओळखतात. त्यांच्या मातीत चमकदार काळी वाळू असते. व्हेसुव्हियसच्या परिसरातली, ज्वालामुखीची. ही समोरची खाडी.

म्हणजे पीपीसीच्या आधी दोन हजार वर्षं या मातीतलं काहीतरी आपल्याकडं आलेलं होतं. फक्त त्यात वाईन होती.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेला पितळेच्या रंगाचा पोसायडन आहे, छोटासा, ग्रीकांचा समुद्रदेव. शाळेच्या सहलीत आम्हाला तो दाखवला होता. कोल्हापूरला समुद्र कुठाय, असं मी बाईंना विचारलं होतं आणि ओळीत चल म्हणून ओरडा खाल्ला होता.

"गार होतंय," ताई म्हणाली. निम्म्या शिंपल्या तिनं संपवल्या होत्या.

शनिवारी आम्हाला रियोने तेर्राची वेळ मिळाली. हा गावाचा मूळ खडक, समुद्रात घुसलेला. २ मार्च १९७० रोजी जमीन उचलायला लागली म्हणून इथल्या तीनेक हजार लोकांना एका दिवसात बाहेर काढलं. ते परत आलेच नाहीत. जाताना त्यांना वाटलं होतं दोन-चार दिवसांची गोष्ट आहे. आता खडकावरची घरं रंगवून, दुरुस्त करून ठेवलीत आणि खिडक्यांत कपडे वाळत नाहीत, एवढंच. खाली रोमन रस्ते आहेत, बेकरी आहे, जात्यांसकट. वर कॅथेड्रल. या कॅथेड्रलला मे १९६४मध्ये रात्री आग लागली. सतराव्या शतकातला गिलावा, नक्षी, सगळं कोसळलं, आणि आत भिंतीत दडलेले संगमरवरी रोमन खांब बाहेर आले. ऑगस्टसच्या काळातलं देऊळ, ज्यावर चर्च चढवलेलं होतं. दुरुस्ती होऊन ते उघडायला २०१४ साल उजाडलं. आता खांबांच्या मध्ये काचा आहेत, आणि आत प्रार्थनेची बाकडी. आम्ही गेलो तेव्हा एक लग्न लागत होतं. नवरी खांबांमधून चालत आली, मागं उन्हातला समुद्र. ताईनं पदर सावरला आणि शेवटच्या बाकड्यावर बसली, बोलावल्यासारखी. आम्ही अर्धा तास बसलो. मी पुढच्या भुयाराची वेळ चुकवली.

बायाला मात्र जाता आलं नाही. बाया म्हणजे सम्राटांच्या हवेल्यांचं गाव, तेही जमिनीबरोबर खाली गेलं. फरशीवरच्या नक्ष्या, पुतळे, अंगणं पाचेक मीटर पाण्याखाली आहेत, आणि काचेच्या तळाच्या होडीतून दिसतात. आमच्या दिवशी लाटा होत्या, होडी रद्द. सम्राट कालिगुलाला हा त्रास नव्हता. "हा बायाच्या खाडीवरून घोडा दौडवेल तेव्हा सम्राट होईल," असं एक ज्योतिषी म्हणाला होता. पठ्ठ्यानं सम्राट झाल्यावर व्यापारी जहाजं ओळीनं नांगरली, वर माती टाकली, आणि पुतेओलीपासून पलीकडं दोन दिवस घोडा दौडवला. रोमचं धान्य आणणारी जहाजं यात गुंतल्यानं तिकडं टंचाई झाली म्हणतात.

होडी नाही तर आव्हेर्नोचं तळं. रोमन कवी व्हर्जिलनं पाताळाचं दार इथंच ठेवलंय. दार कसलं, शांत गोल पाणी, बदकं, आणि काठावर द्राक्षबागा. ताईचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदा पूर्ण उजळला. एका छोट्या बागेत आत येऊ देतात, चव देतात. मालक पन्नाशीचा, इंग्रजी तोडकंमोडकं. काढणी चालू होती. ताईनं परवानगी न विचारता एक घड उचलला, उलटा केला, देठ बघितला, मणी दाबला. तो माणूस हसला. मग दोघांचं जे सुरू झालं त्यात मला दुभाषाचं काम फार उरलं नाही.

ताई खाली बसली आणि तिनं खोडाच्या बुडाशी माती उकरली. "कलम कुठाय?"

कलम नव्हतं. हा प्रकार मला त्यानं समजावला आणि मी तिला. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या किडीनं युरोपच्या बागा मुळापासून खाल्ल्या. तेव्हापासून बहुतेक जग अमेरिकन जंगली खुंटावर कलम करतं. या कढईतली माती ज्वालामुखीच्या राखेची आणि वाळूची. तिच्यात त्या किडीला फिरता येत नाही. म्हणून इथल्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. फालांगिना हे पांढरं द्राक्ष, पिएदिरोसो हे लाल. पिएदिरोसो म्हणजे तांबड्या पायाचं. देठ पारव्याच्या पायासारखा लाल होतो म्हणून.

"आमचं सगळं डॉगरिजच्या खुंटावर," ताई त्याला मराठीतच म्हणाली. "पाणी खारट, जमीन चुनखडी. स्वमुळावर टिकंना." तो मान हलवत होता. डॉगरिज हा शब्द त्याला कळला असावा.

ताईच्या बागेतली द्राक्षं खायची, युरोपला जायची, उरलेली बेदाण्याला. चाळीस वर्षं द्राक्षात गेलेल्या या बाईनं वाईन कधी चाखलेली नव्हती. आमच्याकडं बायका घेत नाहीत, तिच्या घरी तर पुरुषही लपून घेतात. त्यानं फालांगिना ओतली. मी घेतली. लिंबाच्या सालीसारखी, शेवटी जिभेवर मीठ राहिल्यासारखं. ताई ग्लासाकडं बघत राहिली. मग तिनं देवाचं तीर्थ घ्यावं तसं तळहातावर चार थेंब ओतून घेतलं आणि ओढलं.

"साखर किती होती तोडताना?" तिनं विचारलं.

मी त्याला विचारलं. त्यानं एकवीस सांगितलं. ताईनं मान डोलावली. "हम्म. आंबट ठेवलीय जाणून." आणि उरलेला ग्लास माझ्याकडं सरकवला. पिएदिरोसोचेही चार थेंब झाले. त्याला ती 'तुरट पण गुणाची' म्हणाली, सून बघून आल्यासारखं.

त्या रात्रीची गोष्ट. आम्ही भाड्यानं घेतलेली खोली मंडईच्या वरच्या गल्लीत होती. घरमालकीण सत्तरीची, खालीच राहायची. तिच्या दाराआड एक पिशवी भरून ठेवलेली दिसायची, औषधं, कागद, चपला. झोपताना मी खिडकी उघडी ठेवली होती. अडीचच्या सुमाराला आधी गुरगुरल्यासारखा आवाज आला, दुरून ट्रक यावा तसा, आणि मग पलंग हलला. फार नाही. काचेच्या कपाटातले कप एकमेकांना लागले. टिण टिण टिण. थांबले.

अंधारातून ताईचा आवाज आला. "भांडी वाजली."

कोयनेच्या भागात वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे मोठा धक्का झाला तेव्हा आम्ही नव्हतो, पण त्यानंतरचे किती तरी लहान धक्के आमच्या लहानपणाचा भाग होते. आईची मोजपट्टी ठरलेली. दारं वाजली तर झोपा. मांडणीवरची भांडी वाजली तर उठून बसा. भांडी पडली तर अंगणात. अण्णा त्या वर्षी विशीत होते, हाताखालचे दोन गवंडी घेऊन कोयनानगरला गेले ते तीन महिने तिकडंच. मातीत दगड रचलेल्या भिंती कशा बाहेरच्या बाजूला फुटल्या होत्या, हे ते आयुष्यभर सांगत आले. त्यानंतर त्यांनी बांधलेल्या एकाही घरात कोपऱ्याला आडवा पट्टा चुकला नाही.

आम्ही दोघी उठून बसलो. नियम तो नियम. खाली मालकिणीचा दिवा लागला, चपलांचा आवाज झाला, आणि पाच मिनिटांनी कॉफीचा वास वर आला. मी जिन्यातून डोकावले. तिनं फोन दाखवला, वेधशाळेचा आकडा आलेला होता, २.१. मग तिनं हात हवेत आडवा धरून हळूच हलवला, काही नाही म्हणून, आणि दोन कप माझ्या हातात दिले.

भारतात सहा वाजत आले होते. अण्णा उठलेले असणार, म्हणून ताईनं व्हिडिओ लावला. पडद्यावर त्यांचं कपाळ आणि पंखा दिसत होता.

"अण्णा, हितं हादरा बसला."

"भांडी वाजली का पडली?"

"वाजली."

"घर कशाचं आहे?"

मी म्हटलं, "जुनं आहे अण्णा. पिवळ्या दगडाचं. आपल्या चिऱ्यासारखा, करवतीनं कापता येतो."

"दगड राहू दे. माल कशाचा?"

मी उठले. खिडकीच्या चौकटीखाली गिलावा सुटला होता, तिथं दोन दगडांमधला सांधा दिसत होता. कॉफीचा कप कठड्यावर ठेवला आणि नख लावलं.